भाऊबीजेची भेट : वस्तू आधी ठरते की माणूस?

माजघर

नमस्कार. गेल्या महिन्यात थोरल्या भावाचे बिऱ्हाड जुन्या वाड्यातून नव्या सदनिकेत हलले आणि बांधाबांध करायला मी चार दिवस त्यांच्याकडे राहिले होते. दादाचे लोखंडी कपाट रिकामे करताना सर्वांत खालच्या कप्प्यात सात शर्ट सापडले. सातही खोक्यांत होते. पाठीमागचा पुठ्ठा आणि कॉलरीतली प्लास्टिकची पट्टी जागच्या जागी होती, टाचण्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. सातही मीच भाऊबीजेला दिलेले. तळाच्या शर्टाच्या घडीवर पिवळट रेघ उमटली होती. दादा शेजारीच बसून काचेच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्या खोक्यांकडे पाहिले, आणि तो घाईघाईने म्हणाला, “चांगले आहेत गं, म्हणून जपून ठेवलेत.”

लाज मला माझीच वाटली. सात वर्षे मी दर दिवाळीच्या आधी एकाच दुकानात जाऊन ४२ मापाचा, निळ्याच्या आसपासचा एक शर्ट उचलून आणत होते. त्याच सात वर्षांत दादा निवृत्त झाला, त्याला मधुमेह निघाला, तो बराच बारीक झाला, आणि यांतली एकही गोष्ट माझ्या त्या दहा मिनिटांच्या खरेदीपर्यंत पोहोचली नव्हती.

यंदा तसे करायचे नाही असे ठरवले आहे, आणि म्हणूनच हा धागा. माझ्यापुढे चार माणसे आहेत : दादा, वहिनी, ऑस्ट्रेलियात पर्थला असलेली भाची, आणि आमच्याकडे अकरा वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. भेट निवडताना आपण नेमके काय पाहता, कोणती भेट खऱ्या अर्थाने वापरली गेली आणि कोणती फसली, हे अनुभवाने सांगावे अशी विनंती आहे. दुकानांच्या याद्या नकोत, त्या मला भ्रमणध्वनीवर न मागता दिवसाला वीस येतात.

गोधडी

माजघरताई, ते सात शर्ट वाचून मला माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेतले ब्लाउजपीस आठवले. लग्नामुंजीत आलेले, पुढच्या लग्नामुंजीत जाणारे, आणि मधल्या काळात डांबराच्या गोळ्यांच्या वासात राहणारे. आमच्याकडे एक पोपटी तुकडा नऊ वर्षांनी फिरून पुन्हा आमच्याच घरी आला होता. त्याच्या कोपऱ्यावर आमच्याच धोब्याची खूण होती.

मी गेली काही वर्षे एक साधी गोष्ट करते. स्वयंपाकघरात वाण्याच्या हिशेबाची जी वही असते, तिच्या मागच्या पानांवर माणसांची नावे लिहून ठेवली आहेत. कुणी बोलता बोलता काही म्हणाले, की तेवढेच टिपायचे. नणंद एकदा म्हणाली, “ही किसणी माझी बोटे खाते.” भाचा म्हणाला, “वसतिगृहात पांघरूण आखूड पडते.” ही वाक्ये उन्हाळ्यात ऐकलेली असतात आणि दिवाळीपर्यंत कुणालाच आठवत नाहीत, बोलणाऱ्यालाही नाही. भेट उघडताना त्यांचा चेहरा जो होतो, त्याचे कारण वस्तू नसते, आपण केव्हातरी तसे बोललो होतो हे त्यांना तेव्हा आठवते.

त्या भाच्यासाठी मी आईच्या दोन नऊवारी साड्यांची गोधडी शिववून घेतली. नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, म्हणजे दोन साड्यांत सहा फुटी मुलाला पुरेल एवढी ऐसपैस गोधडी होते आणि आत घालायला आणखी जुने कापडही घरातच निघते. आमच्या गावच्या ज्या काकूंनी ती शिवली, त्यांनी आधी साड्या हातात घेऊन उजेडासमोर धरल्या, जिथे विरल्या होत्या तो भाग आतल्या थरात टाकला, आणि काठ मात्र चारही बाजूंनी बाहेर ठेवले. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. भाच्याने फोनवर एवढेच विचारले, “आजीची अंजिरी ना ही?” मला पुढे बोलता आले नाही.

सरळमार्गी

विषय चांगला आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नये.

भेटवस्तूंचे हे सगळे शोधकार्य घरोघरी बायकाच करतात. माझ्या बायकोचा ऑक्टोबर महिना माझ्या नातेवाइकांच्या आवडीनिवडी आठवण्यात जातो आणि पाकिटावर नाव माझे असते. त्यापेक्षा ओवाळणीच्या ताटात रोख रक्कम टाकण्याची आपली जुनी पद्धत मला प्रामाणिक वाटते. घेणाऱ्याला काय हवे ते त्याला स्वतःला सर्वांत चांगले कळते.

स्वयंपाकाच्या मावशींच्या बाबतीत तर दुसरा विचारच करू नका. दिवाळीची पोस्त हा त्यांचा हक्क आहे, भेट नव्हे. निदान महिन्याचा पूर्ण पगार, तोही वसुबारसेच्या आधी हातात पडेल असा द्यावा, म्हणजे त्यांना त्यांच्या मुलांचे कपडे घेता येतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिलेल्या साडीचा त्या दिवाळीत काहीही उपयोग होत नाही. वर मिठाईचा तो पुडा, जो आपल्यालाच कुणीतरी दिलेला असतो आणि ज्यातली सोनपापडी आपल्याला नको असते, तो तर देऊच नये. देणाऱ्याला वाटते कळत नाही, सगळे कळते.

माजघर

सरळमार्गी, मावशींबद्दलचे म्हणणे पूर्ण मान्य. पोस्त दरवर्षी पगाराएवढीच देते, पण द्यायची ती धनत्रयोदशीला. वसुबारसेच्या आधी देण्याचा मुद्दा माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. यंदापासून तसेच करीन.

बायकांवर पडणाऱ्या ओझ्याचेही खरे आहे. पण त्यावर उपाय म्हणून आपण स्वतः ती वही ठेवायला घेतलीत, तर वहिनींचा ऑक्टोबर मोकळा होईल, नाही का?

सरळमार्गी

आलो की नाही जाळ्यात! विचार करतो.

येवलेकर

वहिनींसाठी कुणीतरी पैठणी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे आणि तरीही मी म्हणेन, की वहिनी रेशीम नेसत असतील तरच पैठणी घ्या.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे जी गिऱ्हाइके येतात त्यांच्यातल्या अनेकांना साडी घ्यायची नसते, ‘पैठणी दिली’ असे म्हणायचे असते. अशा माणसाला मी विचारतो, त्या गेल्या वर्षभरात कोणत्या प्रसंगाला काय नेसल्या होत्या? उत्तर आले नाही, तर मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. धाकटा भाऊ म्हणतो, तू धंदा बुडवणार. पण जी साडी कपाटात घडीवर घडी राहून चिरते, तिच्यावर आमच्या कारागिराचा महिना, कधी दोन महिने गेलेले असतात; पदरावर मोर आणि आसावली दाट असेल तर त्याहूनही जास्त.

त्या नेसत असतील, तर मात्र नीट पाहून घ्यावी. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्या नावाखाली यंत्रमागावरचे काहीही विकले जाते. हातमागावरच्या पदराची उलटी बाजू पाहावी : नक्षी जवळपास सुलटीइतकीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा स्वतंत्र काडीवरून तेवढ्याच जागेत फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. मागे लोंबते धागे किंवा कापून टाकलेल्या धाग्यांची लव दिसली, तर ती साडी वाईट आहे असे नाही, पण तिची किंमत वेगळी असली पाहिजे. रेशमाची शंका आली तर काठाजवळचा एक धागा मागून घ्यावा आणि जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते, कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी होतो. खरा विकणारा धागा द्यायला कां कूं करत नाही.

रंग मात्र वहिनींचा घ्या, तुमचा नको. मी हे रोज पाहतो : देणारी स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून आरशात पाहते आणि रंग ठरवते.

शिवणटिपण

मी व्यवसायाने शिंपी आहे, त्यामुळे सात शर्टांवरच माझे लक्ष अडकले. एक प्रश्न विचारतो. आपले दादा रोज घालतात ते शर्ट कोणते? ते बाजारातले तयार आहेत की शिवलेले? कापड कोणते, बाह्या अर्ध्या की पूर्ण, खिसे किती?

त्यांना विचारू नका. विचारले की माणूस ‘काहीही चालेल’ म्हणतो. दोरीवर वाळत असतील तेव्हा हातात घेऊन पाहा. कपडा कुठे झिजलाय हे पाहिले, की माणूस तो कसा वापरतो ते कळते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या पँटी उजव्या गुडघ्यावर विरायच्या. ते हार्मोनियम दुरुस्त करायचे, दिवसभर एक गुडघा जमिनीला टेकून.

तांब्याभांडे

दादांचे शर्टाचे जमले नाही तर माझी एक सूचना. पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत एकदा जाऊन या. ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच येतो. हाताने मठारलेल्या तांब्याच्या भांड्यावर जे लहान लहान खळगे दिसतात, ते नुसते शोभेचे नसतात. प्रत्येक ठोक्याने पत्रा त्या जागी कडक होतो आणि भांडे सहजी चेपत नाही. गुळगुळीत, यंत्रावर दाबून काढलेल्या तांब्याशी शेजारी ठेवून अंगठ्याने दाबून पाहिले तर फरक लगेच कळतो.

मी माझ्या सासऱ्यांना असा एक तांब्या-भांड्याचा जोड दिला होता. देताना दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगितल्या. पहिली, तांबे काळवंडणार, आणि ते चिंचेच्या कोळाने किंवा लिंबू-मिठाने घासावे लागणार. घरात हे घासणारे कुणी नसेल, तर ही भेट म्हणजे दर आठवड्याचे एक काम आपण कुणाच्या तरी गळ्यात बांधतो आहोत. दुसरी, त्यात पाणीच ठेवायचे. ताक, सरबत, आंबट काहीही नाही, कारण आतून कल्हई नसते. सासऱ्यांनी घासण्याचे काम स्वतःकडे घेतले. रविवारी सकाळी गच्चीत बसून ते चिंच लावतात आणि शेजारच्यांना बोलावून दाखवतात. माझ्या मेहुण्याला दिलेला तसाच जोड मात्र दोन वर्षांत हिरवा पडला आणि त्यात आता मनीप्लांट आहे. वस्तू तीच, दुकान तेच.

अवांतर : नरकचतुर्दशीच्या पहाटेचा तांब्याचा बंब कुणाकडे अजून पेटतो का? आमचा मोडीत गेला आणि त्याचे दुःख मला अजून आहे.

गोधडी

आमचा आहे! शेगडी गळते, तरी आहे.

आंबोलीकर

फसलेल्या भेटीची गोष्ट मागितलीत म्हणून सांगतो. पुतण्याच्या मुंजीनंतरची पहिली दिवाळी होती. मी सावंतवाडीचा, त्यामुळे अभिमानाने दशावतारी गंजिफांचा, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या गोल पत्त्यांचा, हाताने रंगवलेला जोड घेतला. लाकडी डबी, तीवरही चित्र. एकशेवीस गोल पाने. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत अशी बारा. पानाच्या मागे लाखेची तुळतुळीत पाठ. मुलाने डबी उघडली, “छान आहे काका” म्हटले, आणि वहिनीने ती ताबडतोब काचेच्या कपाटात ठेवली, “खराब होईल” म्हणून.

चार वर्षे ती तिथेच होती. मग एका गणपतीत मला सुचले, की मी खेळाची वस्तू दिली पण खेळ दिलाच नाही. मला स्वतःलाच तो येत नव्हता. गावातल्या एका जुन्या जाणत्या गृहस्थांकडे तीन संध्याकाळी बसून शिकलो. तीन गडी लागतात. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, हे डोक्यात बसायलाच एक संध्याकाळ गेली. आणि एक नियम मला फार आवडला : दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा. पुढच्या दिवाळीला मी दुसरे काही न नेता रिकाम्या हाताने गेलो, कपाटाची काच सरकवली आणि म्हटले, बसा. वहिनीच्या कपाळावर आठ्या होत्या. त्या रात्री दोन वाजेपर्यंत कृष्णाचा राजा कुणाकडे, यावरून भांडण चालले होते, आणि सर्वांत मोठ्याने वहिनीच भांडत होती.

तीन पानांचा रंग आता कडेला टवके जाऊन उडाला आहे. मला ते बरे वाटते.

पर्थवासी

पर्थच्या भाचीबद्दल मला अधिकाराने लिहिता येईल, कारण मी तिथलाच.

पहिली गोष्ट, फराळाच्या डब्यात पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या मुळीच पाठवू नका. ऑस्ट्रेलियात जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग नाही आणि तो येऊ नये म्हणून दुधाच्या पदार्थांबद्दल तिथले अधिकारी अतिशय कडक आहेत. पार्सल उघडले जाते आणि मिठाई नष्ट केली जाते. बिया, सुकी फुले-पाने यांचेही तसेच. काय पाठवले ते पाकिटावर खरे आणि स्पष्ट लिहावे. ‘भेटवस्तू’ एवढेच लिहिले की संशय वाढतो. अमेरिकेत नातेवाईक असणाऱ्यांसाठीही एक सांगून ठेवतो : २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी बंद झाली आणि व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीची मर्यादा १०० डॉलर राहिली, त्यामुळे तिकडे पाठवताना किंमत पाहून पाठवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. इथे वस्तू सगळ्या मिळतात. चकली मिळते, पणत्या मिळतात, आकाशकंदीलही मिळतो. मला मिळालेली सर्वांत चांगली भेट एका साध्या टपाली लिफाफ्यात आली होती. लहानपणी घरचा कंदील वडील करायचे. बांबूच्या कामट्या इथे तपासणीत अडकण्याची भीती, म्हणून त्यांनी नुसते पतंगी कागद कापून पाठवले : बारा चौकोन, चोवीस त्रिकोण, खालच्या झिरमिळ्या वेगळ्या, प्रत्येक गठ्ठ्याला दोरा बांधून त्यावर पेन्सिलीने अंक. सोबत एका पाठकोऱ्या कागदावर सांगाड्याची आकृती आणि मापे, आणि खाली सूचना : “खळ पातळ कर. घाई करू नकोस, तू नेहमी करतोस.” मी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून सांगाडा केला. एक कोपरा वाकडा झाला. पर्थचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे आमच्याकडे अंधार पडला तेव्हा त्यांच्याकडे दुपारच होती, त्यांनी पडद्यावर कंदील पाहिला आणि पहिले वाक्य बोलले, “तो डावा कोपरा बघ.”

माजघर

पर्थवासी, हे वाचून मी उठून डोळे पुसून आले. भाचीचा प्रश्न सुटला असे समजते. तिचे आजोबा कंदील करत नसत, पण माझ्या आईची फराळाची वही माझ्याकडे आहे आणि ती वही भाचीने दोनदा मागितली होती. मी ‘शोधते’ म्हणून विसरले होते. गोधडीताई म्हणतात ते हेच असावे.

वहीवाली

माझ्या नावामुळे मला बोलावेच लागेल. वहीची छायाचित्रे काढून भ्रमणध्वनीवर पाठवू नका. हाताने उतरवून काढा. मी माझ्या आजीची वही माझ्या दोन बहिणींसाठी उतरवली आहे, प्रत्येकीला साधारण दोन महिने लागले, म्हणून आजच सुरुवात करा आणि दिवाळीला पुरी झाली नाही तर संक्रांतीला द्या.

उतरवताना कळते की जुन्या वहीत किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. आजीच्या चिवड्यात ‘पोहे दोन मापटी, डाळे एक चिपटे’ असे होते. दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर, हे माझ्या पिढीपर्यंत निदान ऐकून तरी माहीत होते. धाकट्या बहिणीला चिपटे म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. मग मी आजीचे पितळी चिपटे काढले, ते पोह्यांनी शिगोशीग भरले, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलले, आणि समासात ग्रॅम लिहिले. डाळ्यांचे वेगळे तोलले, कारण एकाच मापात पोहे हलके आणि डाळे जड. अनारशाच्या पानावर आजीने फक्त ‘नेहमीप्रमाणे’ एवढेच लिहिले होते. तिथे मी आईला समोर बसवून विचारले आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत उतरवले. त्यात ‘पीठ बोटाला सांगते’ असे एक वाक्य आहे. बहिणीने त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून मला फोटो पाठवला.

मूळ वहीतला हळदीचा डाग नकलेत येत नाही. तो भाचीचा तिचाच पडेल.

एकतपी

वहिनींसाठी एक वेगळा विचार. माझ्या मावशीने माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मला एकच पितळी वाटी दिली. मनातून मी खट्टू झाले होते, खोटे कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी तशीच आणखी एक. तिसऱ्या वर्षी मी हसले आणि मावशीही हसली. बारा वर्षांत बारा वाट्या झाल्या. प्रत्येकीच्या तळाला तिने साल कोरून घेतले आहे आणि त्यातली एक, माझा मुलगा झाला त्या वर्षीची, किंचित लहान आहे, कारण त्या वर्षी तिचा नेहमीचा कासार गेला आणि दुसरा शोधावा लागला. ती आल्यावर पंगतीत कुणाला कोणत्या सालची वाटी आली यावर गप्पा रंगतात.

दरवर्षी नवे काहीतरी शोधलेच पाहिजे असे नाही. एकच धागा धरून ठेवणे हीसुद्धा देण्याची रीत आहे, फक्त तो समोरच्याच्या घरात मावणारा असावा. बारा फुलदाण्या कुणाला नकोत.

अंकवेडा

दिवाळी अंकांचे नाव अजून कसे कुणी काढले नाही? का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून मराठी घरात याहून सोपी भेट नाही. पण पाच अंकांचा बांधीव संच देऊ नका, त्यात निदान तीन न वाचता रद्दीत जातात. एकच द्या, स्वतः आधी वाचून, आणि ज्या पानावर त्या माणसासाठीचा मजकूर आहे तिथे बसचे तिकीट खूण म्हणून घाला. वापरलेला अंक दिला म्हणून आजवर कुणी नाक मुरडलेले नाही.

सरळमार्गी

कळवायला हरकत नाही म्हणून कळवतो. वही घातली. बायकोला सांगितले नाही. पहिल्या पानावर तिचेच नाव आहे आणि आठ दिवसांत तिच्या नावाखाली चार ओळी झाल्या आहेत. त्यांतली एक अशी, की गॅसच्या ओट्याशी ती दिवसातून दोनदा उजव्या पायावरचा भार डाव्या पायावर घेते. हे मी अठरा वर्षांत पाहिले नव्हते. तिथे अंथरायला काय मिळते ते कृपया कुणी सांगावे.

शिवणटिपण

सरळमार्गी, जाड रबरी तळाची चटई घ्या, मागून घसरणार नाही अशी. आणि ओट्याची उंचीही एकदा मोजा. कोपरापासून चार बोटे खाली असावा.

माजघर

भाऊबीज झाली. सर्वांचे आभार मानायला आणि काय झाले ते सांगायला आले आहे.

मावशींना पोस्त वसुबारसेच्या तीन दिवस आधी दिली. त्यांनी पाकीट मोजले नाही, पण दुसऱ्या दिवशी येताना नातीला घेऊन आल्या. तिच्या अंगात नवा फ्रॉक होता, दिवाळी यायची होती तरी. आईच्या वहीची एकवीस पाने उतरवून झाली आहेत, उरलेली संक्रांतीपर्यंत होतील. वहिनी रेशीम नेसत नाहीत, त्यामुळे येवलेकरांचा चहा मला मिळण्याचा योग नाही. त्यांच्यासाठी नव्या घराच्या खिडकीच्या मापाचे पडदे शिवून घेतले, कारण त्या फोनवर तीनदा म्हणाल्या होत्या, की सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येते.

आता दादा. शिवणटिपण यांनी सांगितल्याप्रमाणे मी एका दुपारी त्याच्या गच्चीतल्या दोरीवरचे कपडे पाहिले. दोनच शर्ट होते, दोन्ही कोपऱ्यावरच्या जुन्या शिंप्याने बहुधा पंधरा वर्षांपूर्वी शिवलेले. कॉलर उलटून लावलेली. दोन्हींचा डावा खिसा खालच्या कोपऱ्यांत झिजून पुन्हा टाके घातलेला, आणि तो खिसा माझ्या तळहाताहून खोल. मी घरात जाऊन त्या बंद सातांपैकी एकाचा खिसा मोजला. तो जेमतेम चार बोटे होता. दादा खिशात चष्म्याचे घर ठेवतो. शिवाय छोटी डायरी आणि पेन. तयार शर्टात ते घर अर्धे बाहेर राहते आणि तो वाकला की पडते. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये चढताना पडून त्याच्या चष्म्याची काच फुटली होती, हे मला माहीत होते; ते शर्टामुळे, हे माहीत नव्हते.

त्याचा जुना शर्ट वहिनींच्या मदतीने दोन दिवसांसाठी लांबवला आणि नमुना म्हणून शिंप्याकडे नेला. ‘हल्ली एवढा खोल खिसा कुणी करत नाही’ असे तो म्हणाला. मी म्हटले, करा. बारीक झाला आहे म्हणून छातीत दोन इंच कमी केले. कापड पांढरे, बारीक करड्या रेघांचे, कारण दोरीवरचे दोन्ही तसेच होते. निळे त्याच्याकडे मी दिलेल्यांखेरीज काहीच नाही.

ओवाळून झाल्यावर त्याने पुडा उघडला, शर्ट पाहिला आणि चेहऱ्यावर तोच जुना, समजूतदार भाव आणून म्हणाला, “वा, शर्ट.” मग त्याचा हात खिशाकडे गेला. आत बोटे घातली, ती मनगटापाशी थांबली. तो काही बोलला नाही. पाटावरून उठून आत गेला आणि शर्ट घालून, चष्म्याचे घर खिशात ठेवून बाहेर आला. आम्हा सर्वांसमोर तो कमरेत वाकला, जमिनीवरची माझी पिशवी उचलली, आणि सरळ उभा राहिला. घर खिशातच होते.

“शिंप्याचा नंबर दे,” तो म्हणाला, “ते सात नेऊन खिसे बदलून घेतो.”